व्हीपीएन लावल्यावर कोणाला काय दिसतं?

(सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही निवडक प्रश्न दिले आहेत.)



मागच्या वेळी आपण पासवर्डबद्दल बोललो. ते व्याख्यान संपल्यावर, खुर्च्या आवरत असताना, एक ताई मागे थांबल्या. सगळे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "सर, आमच्या घरचं वायफाय दिरांच्या नावावर आहे. राऊटरचा पासवर्डही त्यांच्याकडेच असतो. मी माझ्या मोबाईलवर वकिलांची माहिती शोधली तर त्यांना ते दिसेल का? आणि ते व्हीपीएन म्हणतात ते लावलं, तर दिसायचं बंद होईल का?"

मी घाईत होतो. "हो, बंद होईल," एवढं सांगून मोकळा झालो. घरी जाताना लक्षात आलं की हे उत्तर अर्धवट होतं. आणि अशा बाबतीत अर्धवट उत्तर हे चुकीच्या उत्तरापेक्षा वाईट, कारण माणूस त्यावर भरवसा ठेवून पुढचं पाऊल टाकतो. तपशील मी थोडे बदलून सांगितले आहेत, त्या आज इथे आहेत की नाहीत हेही मी बघणार नाही. पण आजचं व्याख्यान म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे असं समजा.

आधी टपाल समजून घेऊ

तुम्ही मोबाईलवर एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा तुमची मागणी तीन टप्प्यांतून जाते. मोबाईलवरून घरच्या राऊटरकडे, राऊटरकडून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे, आणि तिथून त्या वेबसाइटच्या सर्व्हरकडे. वाटेत प्रत्येक जण टपाल हातात घेतो आणि पुढे देतो. प्रश्न इतकाच, की हातात घेतल्यावर त्याला वाचता काय येतं?

पंधरा वर्षांपूर्वी बहुतेक वेबसाइट पोस्टकार्डावर चालत होत्या. मजकूर उघडा. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर नावाच्या प्रोग्रामरने 'फायरशीप' नावाचं एक छोटं साधन सगळ्यांसाठी खुलं केलं. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये ते टाकायचं, एखाद्या कॅफेच्या उघड्या वायफायवर बसायचं, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं फेसबुकचं खातं दोन क्लिकमध्ये आपल्या स्क्रीनवर उघडायचं. पासवर्ड माहीत असण्याची गरजच नव्हती. बटलर यांना चोरी शिकवायची नव्हती. दार उघडं आहे हे त्यांना मोठ्या कंपन्यांना दाखवायचं होतं.

त्यानंतर चित्र पालटलं. वेबसाइट 'एचटीटीपीएस'वर आल्या, म्हणजे पोस्टकार्डाचं बंद पाकीट झालं. डिसेंबर २०१५ मध्ये 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था असं पाकीट सगळ्यांना फुकट द्यायला लागली. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर बिनपाकिटाच्या प्रत्येक साइटवर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारू लागला. आज तुमची बँक, तुमचं ईमेल, बातम्यांची साइट, बहुतेक सगळं बंद पाकिटातून जातं. म्हणून "सार्वजनिक वायफायवर तुमचा पासवर्ड कोणीही वाचू शकतो" अशी भीती घालणारी जाहिरात दिसली, की ती २०१० सालात अडकली आहे असं समजायला हरकत नाही.

पण पाकीट बंद झालं तरी त्यावरचा पत्ता उघडाच राहतो. तो दोन ठिकाणी दिसतो. पहिलं ठिकाण डीएनएस. साइटचं नाव तुम्ही लिहिता, पण नेटवर्कला आकडी पत्ता लागतो, म्हणून तुमचा मोबाईल आधी विचारतो, 'या नावाचा पत्ता काय?' हा प्रश्न आजही बऱ्याच घरांत मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असा विचारला जातो. दुसरं ठिकाण म्हणजे पाकीट चिकटवण्याआधीची ओळख. सुरक्षित जोडणी जुळवताना तुमचा ब्राउझर सर्व्हरला साइटचं नाव सांगतो, आणि बहुतेक वेळा ते नाव उघडं असतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तुम्ही गुगलवर काय शोधलं ते शब्द राऊटरला दिसत नाहीत. 'गुगल' एवढंच दिसतं. पण शोधून आलेल्या यादीतली एखाद्या वकिलांची साइट तुम्ही उघडली, की त्या साइटचं नाव दिसू शकतं. आत कोणतं पान वाचलं हे नाही दिसत. पण साइटच्या नावातच 'घटस्फोट' असेल, तर पान दिसायची गरज कुठे उरते? शिवाय किती वाजता उघडली, किती वेळ माहिती येत-जात होती, हेही दिसतं.

व्हीपीएन नेमकं काय करतं

व्हीपीएन ही काही खासगीपणासाठी निघालेली गोष्ट नव्हे. १९९०च्या दशकात ती कार्यालयांसाठी तयार झाली. घरून किंवा परगावाहून काम करणाऱ्याला कार्यालयाच्या आतल्या संगणकांपर्यंत सुरक्षित पोचता यावं, हा हेतू. आजही तुमच्यापैकी जे आयटीत किंवा बँकेत आहेत, ते रोज सकाळी लॅपटॉपवर तेच चालू करतात.

टपालाच्या भाषेत सांगतो. समजा, माझी एक आत्या साताऱ्याला राहते. मी पत्र लिहितो, पाकिटात घालतो, त्यावर खरा पत्ता लिहितो. मग ते पाकीट एका मोठ्या पाकिटात घालतो आणि त्यावर फक्त आत्याचा पत्ता लिहितो. आता माझ्या गल्लीतल्या पोस्टमनला काय दिसतं? हा माणूस दिवसभर साताऱ्याला पत्रं पाठवतो आहे, एवढंच. आत्या मोठं पाकीट फोडते आणि आतलं पाकीट साताऱ्याच्या पेटीत टाकते. ज्याला पत्र मिळतं, त्याला वाटतं हे साताऱ्याहून आलं. उत्तर त्याच वाटेने परत.

हे व्हीपीएन. यात आतलं पत्र आत्याही वाचू शकत नाही, कारण आतलं पाकीट बंद आहे. पण ते कोणाला लिहिलं आहे, हे आता पोस्टमनऐवजी आत्याला कळतं. सगळ्यांच्या सगळ्या पत्रांचे पत्ते तिला कळतात. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या: व्हीपीएन बघणारा माणूस नाहीसा करत नाही, तो बदलतं.

घरातलं नेटवर्क

आता घराचा विचार करू. व्हीपीएन लावलं की राऊटरचा मालक आणि इंटरनेट कंपनी, दोघांनाही साइटची नावं दिसायची थांबतात. हा फायदा खरा आहे. आपल्याकडे इंटरनेट कंपन्यांना परवान्याच्या अटींनुसार वापराच्या नोंदी ठेवाव्याच लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत दोन वर्षं करण्यात आली. व्हीपीएन असेल तर त्या नोंदीत फक्त 'आत्या' उरते.

पण पत्र ज्याला मिळतं त्याचं काय? फेसबुकवर तुम्ही तुमच्या नावाने लॉगिन करता. पत्र साताऱ्याहून आलं म्हणून फेसबुक तुम्हाला ओळखायचं थांबेल का? खाली सही तुमचीच आहे! लॉगिन नसलं तरी कुकी असते. कुकी नसली तरी ब्राउझरची स्वतःची एक ठेवण असते. स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, वेळेचं क्षेत्र, अशा गोष्टींची मिळून एक प्रकारची ठशांसारखी ओळख तयार होते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने २०१० मध्ये सुमारे चार लाख सत्तर हजार ब्राउझर तपासले, त्यातले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. व्हीपीएन फक्त आयपी पत्ता बदलतं. आणि घरात तर सासू, सून, मुलं, सगळ्यांचा बाहेर दिसणारा आयपी पत्ता बहुधा एकच असतो. म्हणून जाहिरात कंपन्यांनी केवळ त्याच्यावर भिस्त ठेवलेली नाही.

थोडक्यात, "जाहिराती माझा पाठलाग करतात, म्हणून व्हीपीएन घेतलं," असं कोणी म्हणालं, तर त्याने पावसासाठी स्वेटर घेतला आहे.

सामायिक नेटवर्क: हॉस्टेल, पीजी, लॉज, स्टेशन

इथे व्हीपीएनची किंमत जास्त आहे. घरी नेटवर्कचा मालक निदान ओळखीचा असतो. पीजीच्या वायफायवर चाळीस अनोळखी माणसं आणि एक अनोळखी मालक.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, पासवर्ड आहे म्हणून वायफाय सुरक्षित, असा एक समज आहे. लॉजच्या काउंटरवर कागदावर पासवर्ड चिकटवलेला असतो ना? जुन्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत, तो पासवर्ड माहीत असलेला दुसरा पाहुणा, तुमचा मोबाईल वायफायला जोडला जातानाची देवाणघेवाण टिपू शकला, तर तुमची हवेतली वाहतूक उलगडू शकतो. बंद पाकिटं त्यालाही फोडता येत नाहीत, पण पत्ते वाचता येतात. नव्या डब्ल्यूपीए-३ मध्ये ही फट बुजवली आहे, पण जुने राऊटर अजून सगळीकडे आहेत. दुसरी गोष्ट, वायफायचं नाव कोणीही कोणतंही ठेवू शकतो. लॉजच्या नावाचं वायफाय लॉजचंच असेल याची खात्री नाही. या दोन्ही ठिकाणी व्हीपीएन उपयोगी पडतं, कारण मधल्या माणसाच्या हाती फक्त मोठं पाकीट लागतं.

आता मर्यादा. स्टेशनवरच्या वायफायला जोडताना मोबाईल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. म्हणजे हा नंबर इथे, या वेळी होता, हे तुम्ही स्वतःच सांगितलं. ते पान उघडेपर्यंत बहुधा व्हीपीएन जोडलंच जात नाही, आणि तेवढ्या वेळात मोबाईलमधली बाकीची ॲप आपापली पत्रं साध्या टपालाने टाकू पाहतात. नंतर मध्येच व्हीपीएन तुटलं तरी तेच. म्हणून अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'ऑलवेज-ऑन' आणि 'व्हीपीएनशिवाय जोडणी नको' असे दोन पर्याय असतात. ते चालू केले नाहीत, तर आपण छत्री घेऊन निघालो आणि ती अधूनमधून मिटत होती, असं होतं.

मे २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. संशोधकांनी तिला 'टनेलव्हिजन' नाव दिलं. तुम्ही वायफायला जोडलात की ते नेटवर्क तुमच्या यंत्राला एक पत्ता देतं, आणि त्याबरोबर 'अमुक टपाल या रस्त्याने पाठव' अशा सूचनाही देऊ शकतं. या सोयीचा गैरवापर करून नेटवर्कचा चालक तुमचं टपाल व्हीपीएनच्या बाहेरून वळवू शकतो, आणि तुमच्या स्क्रीनवर मात्र 'जोडलेले आहे' असंच दिसत राहतं. अँड्रॉइड ही सूचना पाळतच नाही, म्हणून तो यातून सुटला. इतर यंत्रणांवर धोका होता. सांगायचं हे, की ज्या नेटवर्कवर भरवसा नाही म्हणून व्हीपीएन लावलं, त्याच नेटवर्कच्या मदतीने ते चालतं.

आत्या कोण आहे?

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आत्या फुकट का राबते आहे?

'ओनावो' नावाचं एक मोफत व्हीपीएन ॲप होतं. फेसबुकने ती कंपनी २०१३ मध्ये विकत घेतली. लोकांना सांगितलं होतं, की हे तुमची माहिती सुरक्षित ठेवतं. प्रत्यक्षात लोक कोणती ॲप किती वापरतात, हे त्यातून फेसबुकला कळत होतं, आणि प्रतिस्पर्धी कोण वाढतो आहे हे हेरायला त्याचा उपयोग होत होता. ऑगस्ट २०१८ मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून गेलं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने लोकांची दिशाभूल केल्याबद्दल फेसबुकच्या दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

'होला' ही मोफत सेवा २०१५ मध्ये चर्चेत आली. ती वापरणाऱ्यांच्या घरची इंटरनेट जोडणी सहकंपनीमार्फत इतरांना विकली जात होती. म्हणजे तुम्ही आत्याकडे पत्र पाठवायला गेलात आणि तुमचंच घर परक्यांची आत्या झालं!

हे एखाददुसरं उदाहरण आहे असं वाटत असेल तर ऐका. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संस्थेतल्या आणि विद्यापीठांतल्या संशोधकांनी अँड्रॉइडवरची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप मोठं पाकीट चिकटवतच नव्हती. ६६ टक्के ॲपमधून डीएनएसचे प्रश्न बाहेर गळत होते. ७५ टक्के ॲपमध्ये त्रयस्थ कंपन्यांचे पाठलाग करणारे भाग होते. खासगीपणासाठी घेतलेलं ॲप! याला आपण आगीतून फुफाट्यात म्हणतो.

मग सगळ्या आत्या लबाड असतात का? नाही. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनमध्ये पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन 'मुलवाड' या व्हीपीएन कंपनीच्या कार्यालयात गेले, आणि काहीही न नेता परतले. ग्राहकांच्या ज्या नोंदी हव्या होत्या, त्या कंपनीने ठेवलेल्याच नव्हत्या. 'आम्ही नोंदी ठेवत नाही' असं सगळेच म्हणतात. ते खरं आहे का, हे अशा वेळी कळतं.

आपल्या देशाचा नियमही माहीत हवा. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला, की व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते, सेवा कधीपासून कधीपर्यंत घेतली आणि कशासाठी, हे पाच वर्षं जपून ठेवावं. व्हीपीएन कंपन्यांसाठी तो २५ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर हलवले. सायबर गुन्ह्यांचा माग काढायला नोंदी लागतात, हे सरकारचं म्हणणं. नोंदी साठल्या की त्या फुटण्याचाही धोका साठतो, हे विरोधकांचं. दोन्ही बाजू तुम्ही तोलून बघा.

त्या ताईंचं उत्तर

आता माझ्या राहिलेल्या उत्तराकडे येतो.

ताई, व्हीपीएन लावलंत तर साइटची नावं राऊटरला दिसणार नाहीत. हे मी बरोबर सांगितलं होतं. मी सांगायचं विसरलो ते असं.

एक, व्हीपीएन लावलं आहे हे दिसतं. राऊटरमध्ये बारकाईने बघणाऱ्याला कळतं, की या मोबाईलचं सगळं टपाल एकाच पत्त्यावर जात आहे. मोबाईलच्या स्क्रीनवर वरच्या पट्टीत खूणही येते. मग "काय लपवतेस?" हा प्रश्न येऊ शकतो, आणि तो प्रश्नच महागात पडू शकतो.

दोन, राऊटर हा बहुतेक घरांत शेवटचा हेर असतो. पहिला हेर मोबाईल स्वतः असतो. मोबाईलवर गुगलचं खातं कोणी उघडून दिलं? त्याचा पासवर्ड आणखी कोणाकडे आहे? तेच खातं घरच्या टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर चालू आहे का? असेल, तर तुम्ही इथे शोधलेलं तिथे दिसू शकतं, आणि त्यात व्हीपीएन काडीचीही मदत करत नाही. मोबाईल कोणी हातात घेऊन त्यात काही टाकलं असेल, तर तो माणूस पत्र पाकिटात जाण्याआधीच वाचतो आहे.

तीन, याहून सोपा उपाय आहे. वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटा वापरा. दिरांचा राऊटर वाटेतून गेलाच. मोबाईलबद्दलच शंका असेल, तर विश्वासातल्या मैत्रिणीचा मोबाईल वापरा किंवा इथे वाचनालयातल्या संगणकावर बसा. उठताना खात्यातून बाहेर पडायला विसरू नका.

म्हणून व्हीपीएन घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. मला कोणापासून लपवायचं आहे? तो माणूस वाटेत नेमका कुठे बसला आहे? आणि मी ज्याच्याकडे जातो आहे, तो याच्यापेक्षा भरवशाचा का वाटतो? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'फुकट आहे म्हणून' असं येत असेल, तर थांबा.

श्रोत्यांचे प्रश्न

*इन्कॉग्निटो वापरलं तर चालत नाही का?*

इन्कॉग्निटो फक्त तुमच्या यंत्रावर इतिहास उरू देत नाही. राऊटर आणि इंटरनेट कंपनी यांच्या दृष्टीने काहीच बदलत नाही. पण घरातल्या पहिल्या हेरासाठी ते थोडंफार उपयोगी आहे. दोन्ही वेगवेगळ्या दारांची कुलपं आहेत.

*पैसे न खर्च करता काही करता येईल?*

अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. ते चालू केलं की पत्ता विचारण्याचा तो मोठ्याने विचारलेला प्रश्न कुलूपबंद होतो. जोडणी जुळवताना उघडं जाणारं नाव राहतंच, पण राऊटरमध्ये सहज दिसणारी यादी बरीच आटते.

*मुलगा हॉस्टेलवर आहे. त्याने कोणतं घ्यावं?*

कंपनीचं नाव मी सुचवत नाही. पण घरी चांगली जोडणी असेल आणि तिला बाहेरून पोचता येणारा पत्ता असेल, तर 'वायरगार्ड' ही मोफत, खुली प्रणाली घरच्याच राऊटरवर किंवा जुन्या संगणकावर बसवता येते. मार्च २०२० मध्ये ती लिनक्सच्या गाभ्यात आली. मग हॉस्टेलच्या वायफायला फक्त तुमच्या घरचा पत्ता दिसेल. अर्थात, तेव्हा आत्या तुम्हीच. मुलाला ते चालेल का, हे त्याला आधी विचारा.

*व्हीपीएन वापरणं बेकायदेशीर आहे का?*

देशभर बंदी घालणारा कायदा नाही. जम्मू-काश्मीरमध्ये काही वेळा जिल्हा प्रशासनाने तात्पुरती बंदी घातली आहे, तेव्हा तिथे जाताना स्थानिक आदेश बघावा. आणि जो गुन्हा व्हीपीएनशिवाय गुन्हा आहे, तो व्हीपीएन लावूनही गुन्हाच राहतो.

खुर्च्या आवरायला मी थांबणार आहे. कोणाला काही एकट्याने विचारायचं असेल तर विचारा, या वेळी मला घाई नाही.